पुतणीचे पिस्तूल आणि आमचा हिशेब

वाचकहो, या सदरात आम्ही आजवर पतपेढीचे कर्ज, शाळेची फी, भिशी, विम्याचे हप्ते असे घरखर्चाचेच विषय घेत आलो. या वेळचा विषय वाचून काही भगिनींच्या भुवया उंचावतील. विषय आहे पिस्तुलाचा! पण घाबरू नका. हे पिस्तूल माणसावर रोखायचे नाही, दहा मीटरवरच्या कागदावर रोखायचे आहे. आणि प्रश्नही शेवटी घरखर्चाचाच आहे.

२०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकर या मुलीने १० मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक घेतले, मग सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिक प्रकारातही घेतले. त्याच स्पर्धेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी रायफलमध्ये कांस्य मिळवले. राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत या कोल्हापूरच्याच मुलींची नावे तर त्याआधीपासून घराघरात होती. तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या तीन-चार घरांत मुलांनी "मला नेमबाजी शिकायची" म्हणून हट्ट धरला. त्यातले एक घर आमच्या धाकट्या भावाचे.

आमचा भाऊ रुग्णालयात वॉर्डबॉय आहे. मुलगी नववीत. शाळेच्या शिबिरात तिने पहिल्यांदा पिस्तूल हातात धरले आणि क्लबच्या मास्तरांनी "हात स्थिर आहे" असे सांगितले. झाले! घरात दुसरा विषय नाही. एका रविवारी भाऊ आणि भावजय दोघेही आमच्याकडे आले. भाऊ म्हणाला, "दादा, मास्तर म्हणतात नवीन पिस्तूल घ्या, पावणेदोन-दोन लाख लागतील. तिच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडू का?" भावजय काही बोलली नाही, पण ती गळ्यातल्या मण्यांशी चाळा करीत होती, आणि तिच्या मनात काय चालले आहे ते आम्हाला दिसत होते.

आम्ही कॉमर्सचे. बंदुकीतले आम्हाला काडीचे कळत नव्हते, आणि न कळता सल्ला द्यायची खोड मात्र होती. म्हणून आम्ही सांगितले, "ठेवीला हात लावू नका. बाजारात आठ-दहा हजारांना एअर पिस्तूल मिळते, ते घ्या. शिकायला काय, कोणतेही चालते." हा सल्ला आमचाच होता हे येथे कबूल करतो, कारण तो चुकला.

ते पिस्तूल स्प्रिंगचे होते. नळी मोडून स्प्रिंग दाबायची आणि चाप ओढला की स्प्रिंग सुटून हवा ढकलते. पण स्प्रिंग सुटताना आतला दट्ट्या पुढे जाऊन आदळतो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याच्या आतच सगळे पिस्तूल हातात हिसका खाते. शिवाय चाप इतका जड की तो ओढताना मुलीचा सगळा पंजा आवळला जाई. दोन महिन्यांत तिला चाप सुटण्याआधी डोळे मिटण्याची सवय लागली. ती सवय मोडायला मास्तरांना पुढे चार महिने लागले. साडेआठ हजार रुपये गेले ते गेलेच, वर मुलीचे सहा महिने. पुतणीने एकदाच विचारले, "मोठे बाबा, माझाच हात खराब आहे का?" त्या प्रश्नानंतर आम्ही दोन-तीन महिने रविवारी क्लबवर जाऊन बसू लागलो आणि कागद-पेन्सिल घेऊन विषय समजून घेतला. तो आज वाचकांपुढे ठेवतो.

आधी निशाण काय असते ते पाहू. १० मीटर एअर पिस्तुलाचा कागद साधारण वीतभर चौरस असतो. मध्ये काळे वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचे. दहा गुणांचे वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. प्रत्येक पुढचे कडे ८ मिलिमीटरने बाहेर. एका हाताने, हात पूर्ण लांब करून, ७५ मिनिटांत ६० फैरी झाडायच्या. मुलींना २०१७ पर्यंत ४० फैरी असत, २०१८ पासून त्याही ६० झाल्या. एकूण गुण ६००.

आता मुख्य प्रश्न. पिस्तूल अचूक म्हणजे काय? बहुतेक पालकांची समजूत असते की महाग पिस्तुलाची नळी चांगली, म्हणून गुण जास्त. आमचीही तीच होती. प्रत्यक्षात नामांकित कंपनीचे पंधरा वर्षे जुने स्पर्धेचे पिस्तूलसुद्धा टेबलावर टेकवून झाडले तर पाच छर्रे जवळजवळ एकाच भोकात टाकते. नळीची अडचण क्वचितच असते. अडचण असते हात आणि चाप यांच्यामध्ये.

येथे थोडे गणित केल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. पिस्तुलावर पुढे एक साईट आणि मागे एक खाच असते. दोघांतले अंतर समजा ३२ सेंटिमीटर. नेम धरताना सगळा हात एक मिलिमीटर डावीकडे सरकला, पण दोन्ही साईट एका रेषेत राहिल्या, तर छर्राही एकच मिलिमीटर डावीकडे लागेल. गुण दहाच. पण चाप ओढताना मनगट वळले आणि पुढची साईट मागच्या खाचेच्या मानाने एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरला ३२ सेंटिमीटरने भागा. उत्तर ३१ पट येते. छर्रा ३१ मिलिमीटर बाजूला जाईल. दहाचा सात होईल, तोही काठावरचा. म्हणजे पैसे कशासाठी मोजायचे? जी गोष्ट मनगट वळू देणार नाही, तिच्यासाठी. ती गोष्ट म्हणजे मूठ आणि चाप. बाकी चकाकी दुकानदाराची.

मूठ, म्हणजे ज्याला क्लबवर ग्रिप म्हणतात ती, लाकडाची असते आणि मापाने येते. लहान, मध्यम, मोठी, उजव्या हाताची, डाव्या हाताची. चपलेसारखेच आहे. मोठ्या भावाची चप्पल धाकट्याला घातली तर चालता येते, पळता येत नाही. हात मुठीत घातल्यावर डोळे मिटावेत, हात निशाणाकडे न्यावा, मग डोळे उघडावेत. साईट आपोआप रेषेत असेल तर मूठ बरोबर. दर वेळी मनगट वळवून साईट जुळवावी लागत असेल तर ते पिस्तूल कितीही भारी असो, आपले नव्हे. तळहाताखालची फळी वर-खाली सरकणारी असावी. लाकूड थोडे जास्त असेल तर पॉलिशपेपरने घासता येते, कमी असेल तर लाकडाची लांबी भरता येते. मात्र मुठीला वाढवून मनगटाला आधार दिला तर ते स्पर्धेत चालत नाही.

चापाचा नियम असा की तो ५०० ग्रॅमच्या आत सुटता कामा नये. पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि ते ४२ सेंटिमीटर लांब, २० उंच, ५ रुंद अशा पेटीत बसले पाहिजे. चांगला चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा सैल, मग बोटाला एक भिंत लागते, आणि तेथून काच तडकावी तसा स्वच्छ सुटतो. ओढताना करकर किंवा घसटण लागली तर समजावे की दुरुस्ती आहे. काही पिस्तुलांत चाप बॅटरीवर चालतो. त्याचा स्पर्श फार मऊ, यात शंका नाही. पण आमचे मत विचाराल तर बेताच्या खिशाच्या माणसाने यांत्रिक चापच घ्यावा. स्क्रू फिरवून तो येथल्या येथे जुळवता येतो. पिस्तूल बिघडले की काय होते ते २०२१ मध्ये टोकियोत सगळ्या देशाने पाहिले. प्राथमिक फेरीच्या ऐन मध्यावर मनू भाकरचे पिस्तूल बिघडले, वेळ गेला, ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ती मुलगी तीन वर्षांनी दोन पदके घेऊन आली हा तिचा जिद्दीचा भाग. पण तिच्यामागे दुरुस्तीला माणसे होती, आपल्यामागे आपला डबा आणि लोकलचा पास!

आता प्रकार. स्प्रिंगचे पाहिलेच. दुसरा प्रकार सिंगल स्ट्रोकचा. बाजूची किंवा खालची दांडी एकदा उघडून मिटवायची की एका फैरीपुरती हवा दाबली जाते. हिसका जवळजवळ नाही, सिलिंडरची भानगड नाही, बिघडले तर बहुधा रबरी सील बदलले की झाले. रशियातल्या इझेव्हस्कचे बैकल छापाचे इझ-४६ एम हे पिस्तूल जगभर गरिबाचे स्पर्धा-पिस्तूल म्हणून नावाजले, आणि त्याने कित्येकांना बसवले. आता ते बहुधा जुन्यातच शोधावे लागते. जर्मनीचे वायराउख एचडब्ल्यू ४० याच तत्त्वावर चालते आणि स्वस्त आहे, पण त्याची मूठ आणि चाप सरावापुरते, स्पर्धेला अपुरे. या प्रकाराची खरी अडचण श्रमाची. ६० फैरी आणि आधीच्या चाचणीच्या पंधरा-वीस धरल्या तर ऐंशी वेळा दांडी दाबायची. चौदा वर्षांच्या मुलीचा हात शेवटच्या वीस फैरींत थरथरतो. धट्ट्याकट्ट्या तरुणाला मात्र आम्ही अजूनही हाच प्रकार सांगू.

तिसरा प्रकार पीसीपी, ज्यात नळीखाली हवेचे छोटे सिलिंडर असते. २०० बारपर्यंत भरले की दीडशेच्या आसपास फैरी होतात. हिसका नाही, दांडी नाही, प्रत्येक फैर सारखी. आज स्पर्धेत सगळीकडे हाच प्रकार दिसतो. ऑस्ट्रियाचे स्टायर, स्वित्झर्लंडचे मोरिनी, इटलीचे पार्दिनी, जर्मनीचे वॉल्थर आणि फाइनवेर्कबाउ ही त्यातली मोठी घराणी. नवे घ्यायचे म्हटले तर हिशेब लाखाच्या वरच. नवशिक्यांसाठी वॉल्थरच्याच गोतावळ्यातले हॅमर्ली एपी २० हे त्या मानाने कमी किमतीचे, आणि मुलांना हलके पडणारे. जुन्या स्पर्धा-पिस्तुलांत कार्बन डायऑक्साइडवर चालणारीही आढळतात. ती स्वस्त मिळतात म्हणून हुरळू नये. थंडी-उन्हाप्रमाणे त्यांचा वेग बदलतो आणि वायू भरून आणायची रोजची कटकट.

सिलिंडरवरून एक गोष्ट आठवली. आमचा भाऊ रुग्णालयातला. त्याने भोळेपणाने विचारले, "दादा, आमच्याकडे ऑक्सिजनचे सिलिंडर असतात, त्यातून भरता येईल का?" वाचकहो, असे चुकूनही करू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीसचा नुसता अंश एकत्र आला तरी स्फोट होतो. साधी कोरडी दाबलेली हवाच भरायची, तीही क्लबच्या मोठ्या सिलिंडरवरून, सावकाश.

परवान्याचे विचाराल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट १७७ व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. पण दुकानदार ओळखीचा पुरावा मागतो, तो द्यावा, आणि पिस्तुलाचा क्रमांक घातलेली पावती घ्यावी. जुने घेतानाही मूळ पावतीची प्रत मागावी. बसमधून, लोकलमधून नेताना ते पेटीत बंद हवे, हातात नव्हे. मुले मित्रांना दाखवायला काढतात, तेथेच घोटाळा होतो.

तर आमच्या हिशेबाकडे. भावाचे साठलेले ६० हजार आणि पतपेढीतून ४० हजार. लाख रुपये, ठेवीला हात न लावता. आम्ही पहिली अट घातली की लाखाचे पिस्तूल घ्यायचे नाही. का? मुलगी आठवड्यातून पाच दिवस ६० फैरी झाडते. म्हणजे आठवड्याला ३००, वर्षाला १५,६००. छऱ्यांचा डबा ५०० चा. वर्षाला एकतीस डबे! शिवाय क्लबची फी, जाण्या-येण्याचे भाडे, स्पर्धांची प्रवेश फी, सपाट तळाचे बूट. पिस्तूल एकदा घेतात, छर्रे रोज लागतात. आमच्या पाहण्यात एक मुलगा असा आहे की वडिलांनी कर्ज काढून नवेकोरे पिस्तूल घेतले आणि आता छर्रे परवडत नाहीत म्हणून पोरगे आठवड्यातून एक दिवस येते. म्हणून पिस्तुलाला जास्तीत जास्त ७० हजार, उरलेले ३० पहिल्या वर्षाच्या खर्चाला.

क्लबवरच एक मुलगा इंजिनियरिंगला गेल्यामुळे त्याचे स्टायर एलपी १० विकायचे होते. यांत्रिक चापाचे. त्याच्या वडिलांनी ८५ हजार सांगितले. गृहस्थ सज्जन, पण किंमत किंमतच. आम्ही चार रविवार घेतले. पहिल्या रविवारी पिस्तूल टेबलावर टेकवून मास्तरांकडून पाच-पाच छऱ्यांचे चार कागद झाडून घेतले. चारही कागदांवर भोक सदऱ्याच्या बटणाखाली झाकले गेले. दुसऱ्या रविवारी सिलिंडर भरून त्याच्या घड्याळातला आकडा लिहून ठेवला आणि पुढच्या रविवारी पाहिला. आकडा हलला नव्हता, म्हणजे गळती नाही. तिसऱ्या रविवारी चापाची परीक्षा. आम्ही किराणावाल्याचे अर्धा किलोचे वजन दोरीला बांधून नेले होते. नळी आकाशाकडे, सिलिंडरमध्ये हवा, छर्रा नाही, आणि वजन चापाला अडकवून टेबलावरून अलगद उचलायचे. वजन उचलण्याआधीच चाप फट्‌कन सुटला! मुलाने आपल्या सोयीने फार हलका करून ठेवला होता. स्पर्धेच्या तपासणीत ते पिस्तूल बादच झाले असते. मास्तरांनी स्क्रू फिरवून तो जुळवला, दोन मिनिटांचे काम. पण हे माहीत नसते तर मुलगी पहिल्याच स्पर्धेच्या दारातून रडत परत आली असती.

खरी गोम सिलिंडरची निघाली. हवेच्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत असते, तारीख त्याच्यावरच कोरलेली असते, आणि मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. ती जबाबदारी खेळाडूचीच धरतात. चष्मा पुसून आम्ही तारीख वाचली. मुदत संपायला चौदा महिने. नव्या सिलिंडरची किंमत दुकानात विचारून आम्ही ती चिठ्ठीवर लिहिली आणि त्या गृहस्थांपुढे ठेवली. ते हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेत आहात का?" आम्ही म्हणालो, "नाही, कारकून आहोत." ६८ हजारांवर सौदा झाला. मूळ पावती, चाचणीचा कागद, मुठीच्या चाव्या, सगळे पेटीत.

मूठ मात्र मध्यम मापाची होती आणि आमच्या पुतणीचा पंजा लहान. पहिले दोन आठवडे छर्रे सारखे डावीकडे जात होते आणि भावाचा चेहरा उतरला होता. लहान मूठ वेगळी विकत मिळते, पण आम्ही थांबायला सांगितले. आमच्या आळीतल्या सुताराने मास्तरांच्या खुणेप्रमाणे अंगठ्याकडचे आणि मागचे लाकूड रोज थोडे-थोडे घासून दिले. एकदम घासायचे नाही. काढलेले लाकूड परत येत नाही. आठव्या दिवशी डोळे मिटून हात नेला आणि उघडला तेव्हा साईट रेषेत. सुताराने पैसे घेतले नाहीत, मुलीने झाडलेला कागद मात्र मागून घेतला आणि दुकानात लावला आहे.

घरात दहा मीटर जागा कोठून येणार? भावाची दोन खोल्यांची चाळ. पण छर्रे न घालता नुसत्या पांढऱ्या भिंतीसमोर रोज वीस मिनिटे चाप सोडण्याचा सराव होतो, आणि मास्तरांच्या मते निम्मी नेमबाजी तेथेच होते. त्यासाठी पिस्तुलात वेगळी कळ असते, ती लावूनच करावे. इतर वेळी नळीत सुरक्षेची रंगीत दोरी घातलेली, पेटीला कुलूप, किल्ली भावजयीकडे. धाकटा मुलगा सहा वर्षांचा आहे, म्हणून ही अट आम्ही लेखी घेतली, सहीसकट! छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरायचे नाहीत, आणि सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. छर्रे सपाट तोंडाचे घ्यावेत, त्याने कागदाला स्वच्छ गोल भोक पडते आणि गुणांवरून भांडण होत नाही. भारीतले भारी छर्रे सरावाला नकोत, दोन-तीन प्रकारांचे एकेक डबे आणून टेबलावर टेकवून झाडावेत. जो आपल्या नळीला मानवेल त्याचेच पुढचे डबे घ्यावेत.

ज्यांची मुले आज हट्ट धरून बसली आहेत त्यांना इतकेच सांगू की पहिले सहा महिने काहीही घेऊ नका. क्लबचे पिस्तूल भाड्याने मिळते, तेच वापरा. स्वस्तातले स्प्रिंगचे तर मुळीच नको. आमच्या भावाच्या माळ्यावर ते पडून आहे, फुकट देऊ म्हटले तरी मास्तर घेईनात.

पुतणीचे गेल्या महिन्यात क्लबच्या सरावात ६० फैरींत ५३१ गुण झाले. त्यात एक पाच आहे, तो तिने आम्हाला आधी दाखवला, दहा नंतर. ठेव जागेवर आहे. भावजयीने स्वयंपाकघरात एक डबा ठेवला आहे आणि त्यावर "सिलिंडर" अशी चिठ्ठी लावली आहे. गॅसवाला परवा तो पाहून गोंधळला. दरमहा हजार रुपये ती टाकते, दोनशे आमचे. चौदातले पाच महिने झाले.